रिंगा गेल्या म्हणण्याआधी

कोल्हापुरात गाडीच्या सायलेन्सरमधून निळा धूर निघाला की पुढचं वाक्य ठरलेलं असतं : "रिंगा गेल्या." म्हणजे पिस्टनवरच्या कड्या झिजल्या, इंजिन खोलायला आलं. पंपावर हवा भरणारा पोरगा सांगतो, सोसायटीतले काका सांगतात. ताराराणी चौकातल्या सिग्नलला शेजारी थांबलेला बुलेटवाला तर काचेवर टकटक करून सांगतो, "मॅडम, इंजिन काम काढलंय बघा गाडीनं."

याला कारण आहे. हे शहर ऑइल इंजिनांवर आणि फाउंड्र्यांवर वाढलेलं. उद्यमनगरात लेथवर उभा राहिलेला, शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावला कास्टिंगमध्ये काम केलेला माणूस प्रत्येक घरात नसला तरी प्रत्येक गल्लीत असतो. बोअर, लायनर, रिंगा, गाईड हे शब्द इथं बायकापोरांनाही माहीत. त्यामुळे इंजिन बिघडलं की आपला संशय आधी लोखंडावर जातो. इंजिनाच्या कडेला चिकटलेल्या प्लास्टिकच्या डब्यावर आणि त्यातल्या रबरी पडद्यावर कोणी संशय घेत नाही. माझं म्हणणं या डब्याविषयी, म्हणजे ऑइल सेपरेटरविषयी आहे.

आमची गाडी जुनी जर्मन सेदान. पेट्रोल, चार सिलिंडर, टर्बो नाही. दिरानं पुण्याहून सेकंड हँड आणली, दोन वर्षं मिरवली आणि मग मोठ्या मनानं आम्हाला विकली. नाव सांगत नाही, कारण हे दुखणं त्या एका कंपनीचं नाही. ज्या ज्या इंजिनाला ऑइल सेपरेटर आहे आणि त्यात पडदा आहे, त्या प्रत्येकाचं रबर कधीतरी म्हातारं होतं.

तक्रार अशी होती. गाडी पळताना आरशात काही दिसायचं नाही. सिग्नलला थांबलं की मागं निळसर पांढरा ढग जमायला लागायचा, आणि हिरवा दिवा लागून गाडी हलली की मागच्या दुचाकीवाल्यांची खोकल्याची उबळ ऐकू यायची. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, इंजिन थोडं थरथरायचं. बॉनेटखालून बारीक शिट्टी यायची, ती नवऱ्याला ऐकू यायची नाही आणि मला ऐकू येणं थांबायचं नाही. ऑइलची काडी दर थोड्या दिवसांनी खालच्या खुणेकडे सरकलेली. चेक इंजिनचा दिवा तर कायमचाच.

पहिल्या गॅरेजनं बॉनेट उघडायच्या आधी धूर बघितला. "हेड उतरवून बघायला लागंल. गाईड तर गेल्यातच, रिंगा बी असणार. बोअर मारायला लागला तर त्यो खर्च येगळा." अंदाज लाखाच्या पुढं. गाडीची बाजारातली किंमत त्याच्या फार वर नव्हती. नवरा म्हणाला, विकून टाकू. मी म्हटलं, आधी मोजू.

मी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते. बारावीला द्रवांचं प्रकरण घेताना मॅनोमीटरची, म्हणजे दाब मोजणाऱ्या यू आकाराच्या नळीची, आकृती फळ्यावर दर वर्षी काढते, आणि दर वर्षी शेवटच्या बाकावरून प्रश्न येतो की याचा उपयोग काय. त्या प्रश्नाला या गाडीनं उत्तर दिलं.

आधी तो डबा करतो काय, ते सांगते. सिलिंडरमध्ये पेट्रोल जळतं तेव्हा पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी थोडा वायू त्यांच्या फटीतून खाली, ऑइलच्या चेंबरमध्ये निसटतोच. नव्या इंजिनातही निसटतो. या वायूत न जळलेलं पेट्रोल असतं, वाफ असते, जळालेला धूर असतो. तो आत साठला तर दाब वाढतो आणि सील फाडून ऑइल बाहेर यायला लागतं. शिवाय वाफ आणि आम्लं ऑइलमध्ये मिसळून गाळ होतो. पूर्वीच्या गाड्यांत हा वायू एका नळीनं सरळ रस्त्यावर सोडायचे. जुन्या कास्ट आयर्न बुलेटचा ब्रीदर आठवतो ना, चेनवर ऑइल ठिबकवणारा, तोच प्रकार. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात धुरक्याचा त्रास वाढल्यावर तिथल्या गाड्यांत हा वायू परत इंजिनातच नेऊन जाळायची सोय आली, आणि पुढं ती सगळीकडे पसरली.

परत नेणं सोपं. इंजिनाच्या इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या वाटेत, आयडलला चांगला निर्वात असतो, तो वायू ओढून घेतो. अडचण अशी की चेंबरमधल्या या वायूत ऑइलचे बारीक थेंब तरंगत असतात, आणि ते इनटेकमध्ये गेले तर जळून निळा धूर होणार. म्हणून मध्ये सेपरेटर. त्यात वायूला वळणं घ्यायला लावतात. वायू वळतो, जड थेंब वळत नाहीत, भिंतीला आपटतात आणि खाली ओघळून चेंबरमध्ये परत जातात. उकळत्या आमटीवरच्या झाकणाला लागलेले थेंब परत पातेल्यात पडतात तसं. काही इंजिनांत हा डबा वेगळा असतो, काहींत टॅपेट कव्हरमध्येच, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणातच, ओतलेला.

याच डब्यात दुसरं काम रबरी पडद्याचं. इनटेकमधला निर्वात आयडलला साधारण अर्धा बार किंवा त्याहून जास्त असतो. म्हणजे पाणी उभ्या नळीत पाच मीटरच्या वर चढवेल इतका. एवढी ओढ चेंबरला लागली तर सील आत खेचले जातील आणि ऑइल धुक्यासकट वर येईल. चेंबरला हवी असते फक्त हलकीशी ओढ. आमच्या प्रकारच्या इंजिनाला ती १० ते १५ मिलिबार. प्रत्येक इंजिनाचा आकडा वेगळा, तो त्या त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघावा. स्प्रिंगवर बसवलेला पडदा एका बाजूनं बाहेरची हवा आणि दुसऱ्या बाजूनं चेंबरचा दाब अनुभवतो, आणि वाट उघडझाप करत ही हलकी ओढ राखतो. इंजिनाच्या उष्णतेत, ऑइलच्या वाफेत आठ-दहा वर्षं हे केल्यावर रबर कडक होतं आणि चिरतं.

चिरलं की दोन गोष्टी एकदम होतात. इनटेकची सगळी ओढ चेंबरवर येते, आणि पडद्यामागच्या बाहेरच्या छिद्रातून हवा आत शिरते. ती हवा जाते कुठल्या मापातून? कुठल्याच नाही. इंजिनाच्या कॉम्प्युटरनं न मोजलेली हवा, म्हणून हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ, म्हणून थरथर, म्हणून स्कॅनरवर पी ०१७१, म्हणजे मिश्रण पातळ असल्याचा कोड. शिट्टी त्याच छिद्राची किंवा आत खेचल्या गेलेल्या सीलच्या ओठाची.

हे सगळं वाचून माहीत होतं, पण वाचलेलं आपल्याच गाडीत असेल असं नाही. धूर कुठल्या रंगाचा ते सगळे बघतात. धूर कधी येतो ते मात्र लिहून ठेवावं लागतं.

रंगाचं थोडक्यात उरकते. काळा म्हणजे पेट्रोल किंवा डिझेल जास्त पडतंय. दाट पांढरा, गोडसर वासाचा, गाडी गरम झाल्यावरही न थांबणारा, आणि सोबत कूलंटची पातळी उतरत असेल, तर हेड गॅस्केटकडे बघा आणि गाडी चालवू नका. डिसेंबरात रंकाळ्यावर सकाळी फिरायला गेलात तर प्रत्येक गाडीमागं पांढरी वाफ दिसते, ती वाफच. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, ते सायलेन्सरमधून बाहेर पडणारच. मुलांना हे सांगितलं की ती कॅल्क्युलेटर काढतात, आणि आकडा बरोबर येतो तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. निळा म्हणजे ऑइल. आता ऑइल तीन वाटांनी येऊ शकतं : खालून रिंगांमधून, वरून व्हॉल्व्हच्या सीलमधून, किंवा बाजूनं सेपरेटरमधून.

या तिघांच्या वेळा वेगळ्या. रिंगा गेलेली गाडी लोडवर धूर काढते : चढ, पूर्ण पिकअप, भरलेली गाडी. व्हॉल्व्हचे सील गेले तर रात्रभर उभ्या गाडीत ऑइल गाईडमधून झिरपून खाली साचतं, आणि सकाळी पहिल्या स्टार्टला एक फर्राटा येतो, मग साफ. सील गेलेली गाडी घाट उतरतानाही दगा देते. गिअरमध्ये, पाय ॲक्सिलरेटरवरून काढून उतरत आलं की इनटेकमध्ये निर्वात सगळ्यात जास्त असतो, ऑइल ओढलं जातं, आणि खाली सपाटीला पाय दिला की मागं निळा पट्टा. सेपरेटर फाटलेली गाडी आयडलला धूर काढते, उभी राहील तितका वाढत जातो, आणि घाट उतरल्यावरही काढते.

म्हणून एका रविवारी पन्हाळा. हा रस्ता या कामासाठीच बनवलाय असं वाटावं. केर्लीपर्यंत बऱ्यापैकी सपाट, मग वाघबीळचा चढ, वर नाक्यावर थांबणं, आणि तोच उतार परत. मी गाडी चालवत होते, मागच्या गाडीत दीर, शेजारी जाऊबाई मोबाइल धरून शूटिंगला. जाऊबाईंना हे काम इतकं आवडलं की वाटेत त्यांनी कणसंवाल्याचंही शूटिंग केलं.

चढावर, दुसऱ्या गिअरला, पाय दाबून : काही नाही. मागून दिराचा फोन, "वहिनी, साफ आहे." वर नाक्यावर इंजिन चालू ठेवून उभं राहिलो तर हळूहळू ढग जमला आणि नाक्यावरच्या माणसानं पुढं जायला हात केला. उतरून सपाटीला पाय दिल्यावर निळा लोट.

एवढ्यानं रिंगांवरचा संशय बराच कमी झाला. पूर्ण गेला नाही, कारण सील आणि सेपरेटर दोघेही उतारावर सारखे वागतात, आणि सील फार गेले असतील तर बराच वेळ आयडलला ठेवल्यावरही धूर येतो. वेळ विचारून तिघांतले दोघे उरले. या दोघांत निवड करायला मोजणंच लागतं.

पहिली तपासणी फुकटची. इंजिन आयडलला असताना ऑइल भरायचं झाकण फिरवून उचलायचा प्रयत्न करा. ओढणीचं टोक, केस, बाही दूर ठेवा, पंख्याचा बेल्ट जवळ असतो. आमचं झाकण सुटेना. दोन्ही हातांनी ओढल्यावर सुटलं, आत हवा घुसल्याचा आवाज आला, शिट्टी जागच्या जागी बंद झाली आणि इंजिन बंद पडता पडता राहिलं. चांगल्या इंजिनातही झाकण काढल्यावर आयडल थोडं हलतं, त्यामुळे नुसतं हलण्यावर जाऊ नका. झाकण किती जोरात धरलेलं आहे आणि शिट्टी थांबते का, हे बघायचं. उलट झाकण काढताना आतून भकाभका वाफ आणि धूर तोंडावर येत असेल तर रिंगा खरंच गेल्या असण्याची किंवा ब्रीदरची वाट बुजल्याची शक्यता मोठी.

मग प्लॅस्टिकचा तुकडा. झाकणाच्या जागी पातळ प्लॅस्टिकची पिशवी सपाट धरायची. ठीक असलेल्या इंजिनात ती किंचित आत दबते. आमची पिशवी खोल आत खेचली गेली, सोडवून घेताना फाटली.

खरं मोजमाप मॅनोमीटरनं. जुन्या बाजारातून त्याच मापाचं ऑइलचं झाकण मिळवलं, उद्यमनगरात लेथवाल्याकडून मध्ये भोक पाडून पितळी नोझल बसवून घेतलं. त्यानं विचारलं, "कशाला पाहिजे हे?" मी सांगितलं. तो हातातलं काम ठेवून म्हणाला, "आमच्या फाउंड्रीत भट्टीच्या धुराड्याला अशीच काचेची नळी हाय की." त्याला समजवावं लागलं नाही, पैसेही त्यानं चहापुरतेच घेतले. पारदर्शक नळी लाकडी फळीवर इंग्रजी यू आकारात बांधली, पट्टी लावली, पाण्यात पोटॅशियम परमँगनेटचा एक कण टाकला म्हणजे पातळी गुलाबी दिसते. एक सेंटिमीटर पाणी म्हणजे जवळजवळ एक मिलिबार, त्यामुळे आकडेमोड नाही. वाचायचा तो दोन्ही नळ्यांतल्या पातळ्यांमधला फरक, एका नळीतली चढण नव्हे. हे मुलं परीक्षेत चुकतात.

इथं एक काळजी. पडदा फाटलेला असेल तर ओढ इतकी असू शकते की नळीतलं पाणी सरळ इंजिनात जाईल. म्हणून नळी आणि झाकण यांच्यामध्ये एक रिकामी जाड बाटली ठेवायची, दोन नळ्यांच्या बुचाची. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये सक्शन पंपापाशी असते तशी. पाणी ओढलं गेलंच तर बाटलीत अडकतं. आणि पिशवीच्या तपासणीत ओढ जोरदार दिसली असेल तर नळी लावताना चिमटीत धरून हळूहळू सोडायची.

हळूहळू सोडली. पाणी पट्टीच्या बाहेर गेलं, बाटलीत आलं, आणि बाटलीनं आपलं काम केलं. माझी पट्टी तीस सेंटिमीटरची होती. १० ते १५ हवं तिथं तीसच्या पुढं, याहून बारीक आकडा मला नको होता.

तरीही एक बाकी होतं. सेपरेटर फाटलेला असला म्हणून रिंगा ठणठणीत आहेत असं सिद्ध होत नाही. दोन दुखणी एकदम असू शकतात. दुसरे एक मिस्त्री गाठले, वय सत्तरीकडे झुकलेलं, दसऱ्याला राजघराण्याची मेबॅक बाहेर पडते ती बघायला अजून लवकर जाऊन पुढं उभे राहणारे. त्यांनी प्लग काढून कॉम्प्रेशन घेतलं, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये दाब किती तयार होतो ते मोजलं. चारही सिलिंडर १६५ ते १७५ पीएसआयच्या आत. आकड्याइतकंच चौघांतलं अंतर महत्त्वाचं. ते दहा टक्क्यांच्या आत असावं. एखादा सिलिंडर कमी निघाला तर त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून परत मोजतात. दाब वाढला तर रिंगा, न वाढला तर व्हॉल्व्ह. आमच्यावर ती वेळ आली नाही. प्लग मात्र चारही ओले, ऑइलनं माखलेले. एकाच सिलिंडरचा प्लग ओला असता तर त्या सिलिंडरची रिंग किंवा सील म्हटलं असतं. चारही सारखे माखलेत म्हणजे ऑइल चौघांच्या आधीच, इनटेकमध्येच येतंय. हे मिस्त्रींनी प्लग बोटावर फिरवत सांगितलं, मॅनोमीटरकडे न बघता. मला त्याचा थोडा मत्सर वाटला.

स्कॅनरवरही गोष्ट जुळली. आयडलला फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर आपणहून पेट्रोल किती वाढवतो-घटवतो तो आकडा, अधिक वीस टक्क्यांच्या आसपास, २,५०० आरपीएमला नेलं की उतरून सामान्याजवळ. हवा कुठूनतरी आत येत असेल तर असंच दिसतं. आयडलला एकूण हवाच कमी असते, त्यात गळतीचा वाटा मोठा होतो. वेग वाढला की तो वाटा किरकोळ ठरतो.

डबा मागवला पुण्याहून. मिस्त्रींनी बजावलं होतं की नुसता डबा घेऊ नका, सोबतच्या नळ्या पण घ्या. जुन्या प्लास्टिकच्या नळ्या हात लावताच बिस्किटासारख्या तुटतात हे त्यांचं वाक्य, आणि तसंच झालं. जुना डबा उघडून पाहिला. पडद्याला कडेनं अर्धवर्तुळाकार चीर, नखानं उघडत होती. आणि दुसरी एक गोष्ट होती जी मी शोधत नव्हते : डब्यातून ऑइल परत चेंबरला नेणारी खालची नळी पिवळट गाळानं अर्धी बुजलेली.

तो गाळ कोल्हापूरचा आहे. म्हणजे असं की घर ते कॉलेज अंतर थोडं, इंजिन पुरतं तापायच्या आत बंद. काटा नव्वदवर आला म्हणजे पाणी तापलं, ऑइल त्याच्या बरंच मागून तापतं. जून ते सप्टेंबर हवा ओलीचिंब, पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे निघालेली, आणि गाडी रोज तेवढंच अंतर जाऊन थांबणारी. चेंबरमधली वाफ बाहेर पडायच्या आत थंड होते आणि ऑइलमध्ये फेटली जाते. झाकणाखाली पिवळट पांढरा फेस दिसतो. तो बघून अनेकांना हेड गॅस्केटची धडकी भरते. आधी काडी बघा. काडीवरचं ऑइल स्वच्छ असेल, कूलंट उतरत नसेल आणि फेस फक्त झाकणाला असेल तर ते पावसाळ्याचं आणि छोट्या फेऱ्यांचं देणं. अधूनमधून हायवेला निपाणीपर्यंत नेऊन आणली तरी बराच निघून जातो.

पण हाच फेस परतीच्या नळीत साठला तर डब्यात वेगळं झालेलं ऑइल खाली जाऊ शकत नाही. डबा भरत जातो, आणि एखाद्या दिवशी एकदम घोट इनटेकमध्ये जातो. त्या वेळी येणारा ढग गाडीला आग लागल्यासारखा असतो. बर्फाच्या देशांत ही नळी गोठूनही बुजते. आपल्याला ती भीती नाही, गाळाची आहे. आणि डबा पूर्णच बुजला, वायूला वाट राहिली नाही, तर उलटं दुखणं : दाब वाढतो, काडी आपोआप वर येते, टॅपेट कव्हरच्या गॅस्केटमधून आणि क्रँकच्या सीलमधून ऑइल झरतं. मग सील बदलतात, पुन्हा झरतं, पुन्हा बदलतात. सील वारंवार जात असेल तर सीलवाल्याला दोष देण्याआधी ब्रीदर बघा.

नवा डबा बसला, नळ्या बसल्या, प्लग बदलले, थ्रॉटल आणि इनटेक पुसून काढले. पुसलेल्या फडक्यातून ऑइल पिळून काढता आलं असतं. गाडी सुरू केली आणि धूर परत आला. नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. याची तयारी ठेवावी लागते : सायलेन्सरमध्ये आणि इनटेकच्या कोपऱ्यांत महिनोन्महिने साठलेलं ऑइल जळून जायला वेळ लागतो. मॅनोमीटर लावला तर बारा सेंटिमीटर, स्थिर. मग धुराची काळजी केली नाही. पुढच्या लांब फेरीनंतर तो गेला. शिट्टी त्याच दिवशी गेली होती. ट्रिम जागेवर आली.

सगळा खर्च इंजिन कामाच्या अंदाजाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर मात्र डोळा ठेवून आहे. ऑइलमध्ये झीज रोखायला जस्त आणि फॉस्फरसची रसायनं घातलेली असतात, ती जळून कन्व्हर्टरवर बसतात आणि तो हळूहळू निकामी होतो. धूर काढणारी गाडी "ऑइल टाकत चालवू" म्हणून वर्षभर रेटायची नाही ती यासाठी. कन्व्हर्टर डब्यापेक्षा कितीतरी महाग.

जाता जाता पीयूसीचं. धूर काढत असतानाच आमची पीयूसी संपली होती आणि गाडी पास झाली! पेट्रोल गाडीला तिथं कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, धुराचा गडदपणा डिझेलला मोजतात. त्यामुळे पीयूसीचा कागद दाखवून कोणी "इंजिन एकदम ओके" म्हणत सेकंड हँड गाडी विकत असेल, तर झाकण उचलून बघा, आणि पंधरा मिनिटं आयडलला ठेवून मागं जाऊन उभे राहा. दिराला हे मी ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं.

त्यावर त्याचं म्हणणं, आता माझ्या गाडीला पण लाव नळी. त्याची डिझेल आहे, नवी, बीएस ६. डिझेलला हे आकडे लागू नाहीत. तिथं पेट्रोलसारखा आयडलचा निर्वात नसतो, ब्रीदर टर्बोच्या आधीच्या पाइपात जातो. टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या नळीत ऑइलचा पातळ थर दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही. ओंजळभर साचलं असेल तर आहे. मी नळी लावली नाही, काडी काढली. ऑइल वरच्या खुणेच्या चांगलं वर, आणि वासाला डिझेल.

हेही छोट्या फेऱ्यांचंच. डीपीएफमध्ये, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी पकडणाऱ्या फिल्टरमध्ये, साठलेली काजळी जाळायला इंजिन जादा डिझेल मारतं. ते जाळणं पूर्ण व्हायच्या आत गाडी रोज राजारामपुरीत बंद केली की ते डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतं. पातळी वाढत जाते, क्रँक ऑइलला ढवळतो, ब्रीदरमधून ऑइल इनटेकमध्ये जातं. पेट्रोल इंजिन चावी फिरवली की बंद होतं, कारण ठिणगी जाते. डिझेलला ठिणगी लागतच नाही. पुरेसं ऑइल ओढलं तर ते चावी काढल्यावरही त्या ऑइलवर भरधाव फिरत राहू शकतं. असं कधी झालंच तर मॅन्युअल गाडीला ब्रेक दाबून धरायचा, वरचा गिअर टाकायचा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडायचं. बॉनेट उघडून वाकायचं नाही.

दिरानं त्याच आठवड्यात ऑइल आणि फिल्टर बदलले. डीपीएफचा दिवा लागला की आता तो गाडी बंद न करता कागलच्या दिशेनं हायवेला काढतो आणि दिवा विझल्यावर परत येतो. जाऊबाई म्हणतात, बरंय, तेवढंच फिरणं होतं.